संकल्पचित्रातला संकल्प

नाशिकला जलसंपदा विभागाची ‘मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना’ आहे. धरणांची आणि कालव्यांची डिझाइने तिथे होतात. ‘डिझाइन’साठी ‘संकल्पचित्र’ हा शब्द ज्याने कुणी योजला, त्याला त्या कामाची दोन्ही अंगे दिसली असावीत: आधी मनातला संकल्प, मग कागदावरचे चित्र. ‘कॅड’साठी मात्र आपण ‘संगणक-साहाय्यित आरेखन’ असे म्हणतो आणि त्यातून संकल्प गळून पडलेला असतो. भाषांतर म्हणून ते चुकले असेल, वर्णन म्हणून अगदी प्रामाणिक आहे, कारण गेली साठ वर्षे संगणकाने आपल्याला मुख्यतः आरेखनातच साहाय्य केले.

आता त्या संगणकाला बुद्धी येऊ घातली आहे, निदान विक्रेते तसे सांगतात, आणि अभियंते व वास्तुरचनाकार जमले की एकच वाद रंगतो: यंत्र डिझाइन करू शकेल की नाही? एक पक्ष म्हणतो, डिझायनर कसा विचार करतो याची उठाठेव हवीच कशाला. लाखो तयार ड्रॉइंगे यंत्राला खाऊ घाला आणि उत्तरे काढा. दुसरा पक्ष प्रतिभेचा झेंडा खांद्यावर घेऊन येतो. त्याच्या मते डिझाइन ही अनुभवातून येणारी, शब्दांत न मावणारी गोष्ट आणि तिचे प्रारूप करू पाहणे म्हणजे वाऱ्याची मोट बांधणे. दोघेही एकमेकांचे कट्टर विरोधक म्हणून बोलतात खरे, पण एका मुद्द्यावर त्यांचे पूर्ण एकमत आहे: डिझायनरच्या विचारप्रक्रियेचा अभ्यास करून कॅड प्रणालीच्या पदरात काही पडणार नाही. मला नेमके तेच चुकीचे वाटते. बुद्धिमान म्हणवून घेणाऱ्या प्रणालीत डिझायनरच्या विचाराचे काही एक प्रारूप, म्हणजे मॉडेल, असलेच पाहिजे, आणि ते त्याची जागा घेण्यासाठी नव्हे, त्याच्या शेजारी बसून काम करता यावे म्हणून.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गटाकडे एका जुन्या ब्रॅकेटचे वजन कमी करायचे काम आले. जाड पत्र्याचा, दोन बोल्टांवर बसणारा साधा भाग. एका कडेला अर्धगोल खाच. विश्लेषणात ताण त्या खाचेच्या काठाशी एकवटताना दिसत होता, म्हणून सॉफ्टवेअरने खाच बुजवली, दुसरीकडचा बिनकामाचा पत्रा काढून टाकला, आणि वजन व ताण दोन्ही उतरले. आम्ही खूश होतो. नमुना जोडणीच्या लाइनवर गेला, तेव्हा फिटरने शेजारच्या बोल्टावर सॉकेट पाना धरून पाहिला, पुन्हा एकदा तिरका करून पाहिला आणि काही न बोलता भाग बाजूला ठेवला. पाना आत जातच नव्हता. जुन्या फायलीतून पिवळा पडलेला अमोनिया प्रिंट काढला, तर त्याच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले होते: ‘सॉकेटसाठी जागा. बुजवू नये.’ कागदावरून कॅडमध्ये येताना रेघा आल्या, मापे आली, टॉलरन्स म्हणजे मापांत चालणारी तफावतही आली. समास तेवढा आला नाही.

या चुकीचे खापर कुणी त्या सॉफ्टवेअरवर फोडेल. पण त्याने सांगितलेले काम चोख केले होते. त्याला एवढेच ठाऊक नव्हते की भागातल्या काही गोष्टी ‘राहून गेलेल्या’ असतात आणि काही ‘राखलेल्या’ असतात, आणि नुसत्या आकाराकडे पाहून त्यांतला फरक कळत नाही. 1980च्या दशकाच्या अखेरीस ‘प्रो-इंजिनिअर’ या कॅड सॉफ्टवेअरने रूढ केलेली, आणि आज सर्वत्र असलेली, फीचर ट्री तरी काय सांगते? आधी पत्रा ओढला, मग भोक पाडले, मग कडा गोल केल्या. ही कृतींची वंशावळ आहे, कारणांची नव्हे. खाच तिथे का आहे, या प्रश्नाला त्या झाडावर फांदीच नसते.

म्हणून तयार ड्रॉइंगे खाऊ घालण्याच्या मार्गाने ही उणीव भरून निघेल, असे मला वाटत नाही. ड्रॉइंग म्हणजे विचार संपल्यावर उरलेला अवशेष. वाटेत सोडून दिलेले पर्याय, कोणत्या क्षणी प्रश्नच बदलला, कोणते बंधन ग्राहकाचे आणि कोणते डिझायनरने स्वतःवर घालून घेतलेले, यांतले काहीच त्यात उरत नाही. एक लाख निकालपत्रे वाचून न्यायालयात काय घडते हे पुष्कळसे कळेल, कारण निकालात युक्तिवाद लिहिलेला असतो. ड्रॉइंगात तो नसतो.

विरोधी बाजूची भक्कम हत्यारे मात्र मला नाकारायची नाहीत, आणि त्यांतले सर्वांत भक्कम हत्यार इतिहासाचे आहे. वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनी 1964 साली डिझाइनच्या प्रश्नाची तर्कशुद्ध फोड करून दाखवली. नमुन्यादाखल त्यांनी भारतातले एक खेडे घेतले, त्याच्या 141 गरजा मांडल्या आणि कोणती गरज कोणत्या गरजेशी गुंतलेली आहे याचे जाळे गणिताने सोडवले. अवघ्या सात वर्षांत, 1971 साली, याच अलेक्झांडरनी ‘डिझाइन-पद्धती’ नावाच्या साऱ्या चळवळीशी आपला संबंध तोडला. हर्बर्ट सायमन यांनी 1969 मध्ये डिझाइनकडे शोधाचा प्रश्न म्हणून पाहिले: पर्यायांच्या अवाढव्य रानात हिंडायचे आणि सर्वोत्तम नाही तरी पुरेसा चांगला पर्याय हाती लागला की थांबायचे. त्यावर होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी 1973 मध्ये दाखवून दिले की नियोजनाचे पुष्कळ प्रश्न मुळात नीट मांडताच येत नाहीत. उत्तर शोधू लागल्याशिवाय प्रश्न काय आहे तेच कळत नाही. त्यांनी अशा प्रश्नांना जे ‘विकेड’ हे विशेषण लावले त्याला मराठीत ‘वांड’ हा शब्द चपखल बसतो. वांड प्रश्नाला रान नसते, कुंपण नसते, थांबण्याची खूणही नसते. मग शोधायचे कुठे?

पुढे तज्ज्ञ-प्रणालींचा, म्हणजे तज्ज्ञाचे ज्ञान नियमांच्या रूपात यंत्राला देण्याचा, काळ आला. जॉन मॅकडरमॉट यांनी डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या व्हॅक्स संगणकांची मागणीनुसार जुळणी ठरवणारी ‘एक्सकॉन’ 1980च्या सुमारास कामाला लावली आणि तिने खरोखर कंपनीचे काम केले. पण काही शेकड्यांनी सुरू झालेले तिचे नियम हजारोंवर गेले, आणि एक नियम बदलला की दुसरीकडे काय मोडेल हे सांगणे तिच्या सांभाळणाऱ्यांना जड जाऊ लागले. त्याच दशकात बी. चंद्रशेखरन आणि डेव्हिड ब्राउन यांनी हवेच्या सिलिंडरच्या डिझाइनसाठी अशीच प्रणाली रचली; तीही नेहमीच्या, साचा ठरलेल्या डिझाइनपुरती होती, आणि हे त्यांनी स्वतःच स्पष्ट सांगितले होते. साचा मोडायची वेळ आली की या प्रणाली मुक्या होत.

दुसरे हत्यार पद्धतीचे आहे. डिझायनरला स्वतःचा विचार कुठे सांगता येतो? 1994 मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला भरलेल्या कार्यशाळेसाठी एका अनुभवी अभियंत्याला आणि तिघांच्या एका गटाला, सायकलवर पाठपिशवी बसवायची सोय डिझाइन करायला सांगून, बोलता बोलता विचार करताना चित्रित केले गेले. जगभरच्या संशोधकांना तीच चित्रफीत देण्यात आली, आणि जेवढे संशोधक तेवढी विश्लेषणे निघाली. यावरून विरोधक म्हणतात की मोजपट्टीच ठरत नसेल तर प्रारूप कसले करता? आक्षेप खरा आहे. शिवाय मोठ्याने विचार करताना माणूस तोच विचार करतो का, ही शंका उरतेच.

आणि तिसरे हत्यार ताजे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक रिचर्ड सटन यांनी 2019 मध्ये लिहिलेल्या छोट्या निबंधाचा दाखला हल्ली ऊठसूट दिला जातो: सत्तर वर्षांचा अनुभव असा की माणसाचे ज्ञान यंत्रात कोंबण्याचे प्रयत्न हरले आणि निव्वळ गणनशक्तीवर वाढणाऱ्या पद्धती जिंकल्या. याच्या जोडीला नासाच्या अँटेनाचे उदाहरण येते. 2006 च्या मार्चमध्ये सोडलेल्या ‘स्पेस टेक्नॉलॉजी 5’ या छोट्या उपग्रहांवरचा अँटेना उत्क्रांतीच्या धर्तीच्या अल्गोरिदमने घडवला होता. तो दिसायला कुणीतरी चाळा म्हणून वाकवलेल्या कागदाच्या क्लिपसारखा. कोणत्याही अभियंत्याने काढला नसता असा. काम मात्र उत्तम करी.

आता शेवटच्या मुद्द्यापासून उलटे येऊ. त्या अँटेनाच्या कथेतला एक तपशील सांगताना बहुधा वगळला जातो. प्रकल्प चालू असताना उपग्रहांची नियोजित कक्षाच बदलली, त्यामुळे अँटेनाकडून असलेली अपेक्षा बदलली, आणि नव्या अपेक्षेनुसार अल्गोरिदम पुन्हा चालवून नवा अँटेना घडवावा लागला. यंत्राने तो झपाट्याने घडवला हे त्याचे मोठेपण आहेच. पण अपेक्षा बदलली आहे हे कुणी ओळखले, आणि नव्या अपेक्षेचे मोजता येईल असे सूत्र कुणी केले? मार्टिन बेंडसो आणि नोबोरू किकुची यांच्या 1988च्या लेखापासून वाढलेले टोपोलॉजी ऑप्टिमायझेशन, म्हणजे बिनकामाचे साहित्य गणिताने काढून टाकण्याची पद्धत, घ्या, नाहीतर आपणहून पर्याय काढणारी आजची जनरेटिव्ह साधने घ्या. प्रत्येक ठिकाणी भार कुठे, आधार कुठे, कोणता भाग राखायचा हे आधी कुणीतरी सांगावे लागते. आमच्या ब्रॅकेटमध्ये ‘खाचेच्या जागी हात लावू नको’ असे सांगता आले असते, त्याची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. सांगायचे आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हते. सटन यांचा धडा उत्तर शोधण्याला लागू पडतो. बुद्धिबळात आणि ‘गो’मध्ये जिंकणे म्हणजे काय हे पाटावर बसण्यापूर्वीच ठरलेले असते. डिझाइनमध्ये तेच ठरवता ठरवता अर्धे काम होते.

ब्रिटिश संशोधक ब्रायन लॉसन यांचा एक प्रयोग इथे फार बोलका आहे. त्यांनी विज्ञानाच्या आणि वास्तुकलेच्या वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांना रंगीत ठोकळे मांडून ठरावीक रंग जास्तीत जास्त दिसेल अशी रचना करायला दिली. काही जोड्या चालत, काही चालत नसत, आणि तो नियम लपवलेला होता. विज्ञानाच्या मुलांनी आधी नियम हुडकण्यासाठी चाचपणी केली. वास्तुकलेच्या मुलांनी चांगली वाटणारी रचना पुढे केली, ती नाकारली गेली की त्याखालोखालची पुढे केली, आणि नकारांतून नियम उमगत गेला. शाळा संपवून नुकत्याच आलेल्या मुलांत असा फरक दिसला नाही. म्हणजे ही चाल उपजत नसून शिकून अंगी आलेली आहे. जेन डार्क यांनी 1979 मध्ये घरबांधणी करणाऱ्या वास्तुरचनाकारांच्या मुलाखतींवरून हेच दुसऱ्या शब्दांत मांडले: सगळ्या गरजांची यादी होण्याची वाट न पाहता डिझायनर एखादी बीजकल्पना धरतो आणि तिच्या उजेडात प्रश्न तपासतो. प्रतिभेचा झेंडा घेतलेल्या मंडळींना मी विचारीन, यात गूढ ते काय राहिले? एवढे निरीक्षण तरी यंत्राला शिकवता येईल की नाही: डिझायनरने काढलेली पहिली आकृती हे त्याचे उत्तर समजू नये, तो त्याने प्रश्नाला मारलेला खडा असतो?

आणि नेमके हेच आपले कॅड समजत नाही. विनोद गोयल यांनी 1990च्या दशकात हाताने काढलेल्या कच्च्या रेखाटनांची तुलना संगणकावरच्या आरेखनाशी केली, तेव्हा हाताच्या रेखाटनात एका कल्पनेवरून शेजारच्या निराळ्या कल्पनेवर उडी मारणे जास्त घडताना दिसले. कारण साधे आहे. पेन्सिलीची पुसट, दोनदा गिरवलेली रेघ भिंतही असते आणि वाटही. डिझायनर ती पाहतो आणि तिच्यात न काढलेले काहीतरी त्याला दिसते. डोनाल्ड शॉन यांनी 1983 मध्ये याला परिस्थितीशी चाललेला संवाद म्हटले. कॅडमध्ये मात्र पहिल्याच क्लिकला रेघ 47.5 मिलिमीटरची होते. त्या अपूर्णांकाचा अर्थ ‘साधारण तीन बोटे’ असा आहे की ‘बेअरिंग बसायचे आहे, खबरदार’ असा, हे विचारायची तसदी कुणी घेत नाही. 1963 मध्ये आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीमध्ये ‘स्केचपॅड’ केले, तेव्हा त्यात बंधनांची कल्पना होती: वेडीवाकडी आकृती काढा, या दोन रेघा समांतर असे सांगा, यंत्र ती सरळ करील. आपण काय सांभाळून आहोत हे यंत्राला सांगण्याची ती सुरुवात होती. त्या वाटेने आपण मापांच्या बंधनांपर्यंत आलो आणि तिथेच मुक्काम ठोकला. बंधन कुणाचे, किती पक्के, कशासाठी, हा पुढचा टप्पा साठ वर्षांत आला नाही.

पूर्वीचे प्रयत्न फसले हे कबूल. पण ते कशामुळे फसले? अलेक्झांडर यांच्या 141 गरजा एकदा लिहिल्या की गोठल्या. एक्सकॉनला डिझायनरने सांगितलेले नियम दिले गेले, त्याची चाल नव्हे. त्यांनी विचाराच्या निष्कर्षांचे प्रारूप केले आणि त्याला विचाराचे प्रारूप म्हटले. जॉन गेरो यांनी 1990 मध्ये कार्य, वर्तन आणि रचना असे तीन थर वेगळे केले आणि डिझायनर त्यांच्यात मागेपुढे कसा ये-जा करतो हे दाखवले, ते मला जास्त जवळचे वाटते, कारण त्यात रचना पाहून कार्याची अपेक्षाच बदलण्याला जागा आहे. आमची खाच ताणाच्या हिशेबाने निरुपयोगी होती, पान्याच्या हिशेबाने अत्यावश्यक. एवढा फरक ज्याला नोंदवता येतो, असे प्रारूप अपुरे असले तरी माझ्या कामाचे आहे. डेल्फ्टच्या चित्रफितीची अनेक विश्लेषणे झाली म्हणून ती सगळी बाद ठरत नाहीत. एकाच रोग्याकडे हृदयाचा आणि हाडांचा डॉक्टर वेगळे पाहतात म्हणून वैद्यक खोटे ठरते का?

विमान पंख फडफडवत नाही, मग यंत्राने डिझायनरची नक्कल का करावी, हा दाखला या वादात हमखास येतो आणि टाळ्या घेऊन जातो. पण तो देणाऱ्यांनी राइट बंधूंचा इतिहास अर्धाच वाचलेला असतो. विल्बर राइट यांनी मे 1900 मध्ये उड्डाणविद्येचे अभ्यासक ऑक्टेव्ह शनूट यांना लिहिलेल्या पत्रात घिरट्या घालणाऱ्या मोठ्या पक्ष्यांच्या निरीक्षणाविषयी लिहिले आहे: वाऱ्याच्या झोताने कलंडलेला पक्षी पंखांची टोके पिळून तोल सावरतो. या भावांनी पंख पिळण्याचे नियंत्रण घेतले आणि फडफड सोडली. उडण्याचे बळ इंजिनातून आणता येत होते. तोल कसा राखायचा हे पक्ष्याकडून शिकण्यासारखे होते. आपल्या वादाचा प्रश्नही असाच मांडायला हवा. पर्याय काढण्याचे बळ गणनेतून येऊ द्या, त्यात माणसाशी स्पर्धा नाहीच. पण प्रश्न कलंडतो तेव्हा डिझायनर तो कसा सावरतो, हे कोण शिकवणार?

नक्कल करू नये याचे आणखी एक सबळ कारण आहे आणि ते मला मान्य आहे. डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना न सांडणारा पेला डिझाइन करायला दिला. काहींना आधी एक सदोष नमुना दाखवला. नळी वापरायची नाही असे स्पष्ट बजावले असतानाही नमुना पाहिलेल्यांच्या डिझाइनांत नळी डोकावत राहिली. डोके एकदा एका घाटात अडकले की असे होते. यंत्राने हेही उचलावे काय? मुळीच नाही. पण मी अडकलो आहे हे मला सांगायचे, तर मी कुठे फिरतो आहे याचा काही अंदाज त्या यंत्राला हवा. तो नसेल तर ते मला पन्नास पर्याय देईल आणि मी त्यांतून पुन्हा नळीवाला पेलाच निवडीन.

शेजारी बसणारे यंत्र कसे असावे याचा पहिला धडा तर प्रत्यक्ष यंत्र येण्यापूर्वीच मिळाला होता. नायजेल क्रॉस यांनी 1967च्या सुमारास संगणकाचे सोंग वठवणारे प्रयोग केले: डिझायनर एका खोलीत, आणि दुसऱ्या खोलीत संगणक म्हणून वास्तुरचनाकार व अभियंते, कार्डावर लिहिलेले प्रश्न आणि उत्तरे बंदिस्त टीव्हीवरून जात. उत्तरे लवकर मिळत, तरीही डिझायनर दमून, वैतागून जात. मग क्रॉस यांनी भूमिका उलट्या केल्या. डिझाइन ‘संगणका’ने करायचे आणि डिझायनरने पाहून पसंती-नापसंती सांगायची. डिझायनरचा ताण पार गेला, त्याला मजा वाटू लागली. दमछाक ‘संगणका’ची झाली. यावरून कुणी म्हणेल की बघा, डिझाइन यंत्राकडे द्यायला हवे हेच सिद्ध झाले. पण त्या ‘संगणका’च्या आत माणसे होती. डिझायनर काय म्हणतो आहे, त्याच्या नापसंतीमागे काय आहे, हे त्यांना उमगत होते आणि म्हणून त्यांची दमछाक होत होती. ती उमज यंत्रात कशी आणायची, हाच माझा विषय आहे.

व्यवहारातली सर्वांत मोठी अडचण अर्थात वेगळीच आहे. कारणे नोंदवायची कल्पना नवी नाही. व्हर्नर कुंझ आणि रिटेल यांनी 1970 मध्येच प्रश्न, भूमिका आणि युक्तिवाद यांची नोंद ठेवणारी पद्धत सुचवली होती. अशा पद्धती फारशा रुजल्या नाहीत, कारण लिहिण्याचा त्रास आजच्या डिझायनरला आणि फायदा दहा वर्षांनी येणाऱ्या कुणाला तरी. मी स्वतः कधी चेकलिस्टच्या पलीकडे लिहिलेले नाही, उगाच दुसऱ्याला कशाला नावे ठेवू? आजची भाषा समजणारी यंत्रे इथे खरा फरक पाडू शकतात. दोन अभियंते ड्रॉइंगपुढे उभे राहून बोलतात, ‘हे इथे का ठेवलंय रे?’, ‘अहो, पाना जायला नको का?’, एवढे ऐकून ते त्या खाचेला चिकटवून ठेवणे आता अशक्य राहिलेले नाही. दोन वर्षांनी कुणी ती खाच बुजवू लागला, तर त्याला तेवढे वाक्य दिसले की पुरे.

मात्र ती नोंद कुणाच्या मालकीची, हे आधी ठरले पाहिजे. कोणत्या अभियंत्याने किती वेळा मत बदलले याचा तक्ता त्याच नोंदीतून वर्षअखेरीच्या मूल्यमापनासाठी निघणार असेल, किंवा ज्याचे बोलणे ऐकून यंत्र तयार झाले त्यालाच पुढच्या वर्षी घरी बसवले जाणार असेल, तर पडद्यासमोर कोणी तोंड उघडणार नाही. मत बदलणे, अर्धवट कल्पना बोलून दाखवणे, चुकीची रेघ काढून ती पाहत बसणे, हे सगळे ज्या खोलीत बिनधास्त करता येते, तिथेच नोंदवण्याजोगा विचार होतो. आमच्याकडे तो आजही बराचसा गेटाबाहेरच्या चहाच्या गाडीवर होतो, आणि तिथल्या पाकिटांच्या पाठीवर काढलेल्या आकृत्या कोणत्याही सर्व्हरवर चढत नाहीत.